मुक्या आजोबांची साक्ष

आनेकल रस्ता,
२६ ऑक्टोबर २०२४

कुमारी उल्का हिवाळे यांस,

हे पत्र तुला तुझ्या नखं कापायच्या डब्यात सापडेल. मीच ठेवलंय. अक्षर वाकडं आहे, कारण ते डाव्या हाताचं आहे. उजवा हात झटका आल्यापासून नुसता शोभेला उरलाय.

तुमच्या चर्चच्या तरुण संघातली पोरं मला 'मुके आजोबा' म्हणतात. माझं नाव विठोजीराव सूर्यवंशी. आमचं घराणं शहाजीराजांबरोबर या बेंगळुरूच्या मुलखात आलं ते इथलंच झालं, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड सापडलं तर हसू नकोस. मला बोलता येतं, हे या वृद्धाश्रमात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस म्हणजे तू.

महिन्याभरापूर्वी माझ्या अंगठ्याचं नख कापताना तू खोल गेलीस, रक्त आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वल्प हळू गं." तू डबा हातातून टाकलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी तोंडावर बोट ठेवलं. या खुणेचा अर्थ सगळीकडे एकच होतो अशी माझी समजूत होती.

मग दसऱ्याच्या सुटीत तुमचं शिबिर झालं. तिथं तू माइक घेऊन उभी राहिलीस आणि सांगितलंस की दीड वर्ष मुका असलेला म्हातारा तुझ्या प्रार्थनेनं बोलला. त्याचा व्हिडिओ इथल्या आयाच्या फोनवर आला आणि तिनं तो मलाच आणून दाखवला, कौतुकानं. माझा पहिला शब्द 'प्रभू' होता असंही तू त्यात म्हणतेस. त्याचं नंतर बघू.

आज तुमच्या दोन व्हॅन भरून माणसं आली. एकामागून एक माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. एकानं माइक माझ्या तोंडाशी धरला, 'म्हणा आजोबा, म्हणा' असं करत. लहान मुलाला औषध पाजताना धरतात तसं एकीनं माझं डोकं मागून धरलं होतं. मी तोंड मिटून बसलो. पुढच्या शनिवारी तिसरी व्हॅन येणार असं ऐकतो.

हे तू सुरू केलंस, तूच थांबव. माझ्याशी बोलायला येऊ नकोस, सगळ्यांचं लक्ष आहे. पोस्टानं लिही. इथं कुणाची पत्रं फोडत नाहीत, कारण कुणाला येतच नाहीत.

विठोजीराव

---

इलेक्ट्रॉनिक सिटी,
२९ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र पीजीच्या खोलीत दार लावून वाचलं आणि रडले. आनंदानं रडले, खरंच सांगते. तुम्हाला बोलताही येतं आणि इतकं छान लिहिताही येतं, आणि तुम्ही ते सगळं लपवून बसलाय. आमच्या गावाकडे म्हणतात, दिवा लावून टोपलीखाली झाकू नये. तुमचं तेच चाललंय.

तुम्ही रागावलात कारण तुम्हाला साक्ष म्हणजे काय ते माहीत नाही. आमच्यात शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी जो तो उठून सांगतो की देवानं या वर्षी माझ्यासाठी काय केलं. कुणी नोकरी मिळाली म्हणतं, कुणाची आई बरी झालेली असते. मी आठ वर्षं बेंगळुरूत आहे, आठही वर्षं गप्प बसले. माझ्याकडे सांगण्यासारखं कधी काही नव्हतं. कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, संध्याकाळी पीजीत जेवायचं, यात साक्ष कुठून येणार? आणि मी पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, मुलगी. माझी मैत्रीण मुग्धा दर वर्षी मला कोपरानं ढोसते, 'उल्का, तू पण सांग की काहीतरी.' या वर्षी मी उठले. तुम्ही मला ते दिलंत. तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत ते मला वाटलं नम्रतेनं ठेवलंत.

आता एक गुपित, म्हणजे तुमची दिवाळीची भेट. ऑफिसातून मी तुमच्या मुलाचा नंबर मिळवला आणि रविकिरण सरांना फोन केला. त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. म्हणाले, बाबा बोलायला लागले असतील तर त्यांना तिथं ठेवायचं कारणच नाही. आश्रमाच्या डॉक्टरांनी एकदा तपासलं की ते तुम्हाला सर्जापूर रोडला घरी नेणार आहेत. तुमच्यासाठी खोली तयारच आहे म्हणाले.

आता तरी हसा बघू. मी शनिवारी करंज्या आणते.

तुमची,
उल्का

---

आनेकल रस्ता,
२ नोव्हेंबर

उल्का,

पहिली गोष्ट, मी तुझा आजोबा नाही. शनिवार-रविवारी इथं जे येतात ते सगळे मला आजोबा म्हणतात आणि सहा वाजता निघून जातात. हाक मारायचीच तर अण्णा म्हण. दुसरी गोष्ट, करंज्या चांगल्या होत्या. तिसरी गोष्ट, तू माझा गळा कापलास.

मी तेहतीस वर्षं टुरिस्ट गाइड होतो. बसच्या पुढच्या बाजूला माइक घेऊन उभा राहायचो आणि मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजीत बोलायचो. उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा. लोक बघायचे, फोटो काढायचे, पुढं जायचे. मला तेव्हा कधी वाटलं नाही की ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याला काही वाटत असेल. राजवाड्याला कशाला काही वाटेल?

झटका आला तेव्हा माझी वाचा खरंच गेली होती. इथं आल्यावर दोन महिन्यांनी ती परत आली. एका पहाटे झोपेतून उठताना 'अव्वा' ही आईला मारायची हाक माझ्याच कानावर आली. त्या दिवशी शनिवार होता. सकाळी एका कंपनीचे लोक आले, दुपारी कॉलेजची मुलं आणि संध्याकाळी कुठलासा तरुण संघ. ज्यांना बोलता येतं त्यांना पुढच्या हॉलमध्ये बसवलं. आठवणी सांगायला लावल्या, गाणी म्हणायला लावली. पाहुण्यांना केक कापायचा होता म्हणून आमच्या कृष्णाबाईंचा वाढदिवस केला. तो त्या महिन्यातला त्यांचा तिसरा होता. त्या बिचाऱ्या तिन्ही वेळा लाजल्या. जे मुके, ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना मागच्या फणसाखाली खुर्च्या टाकून दिल्या होत्या. तिथं सावली होती, वारा होता आणि कुणीही काही विचारत नव्हतं. मी फणस निवडला.

रविकिरण वाईट नाही. तसा असता तर सोपं झालं असतं. त्याची आई गेल्यावर, झटक्याआधी, आठ महिने मी त्याच्या फ्लॅटवर राहिलो. चौदावा मजला. सकाळी नवरा-बायको कामाला जायचे, मी आणि टीव्ही. लिफ्टला कार्ड लागतं, गेटला कार्ड लागतं, पार्कातल्या बाकावर बसलं तर वॉचमन येऊन कुठला फ्लॅट विचारतो. रात्री तो दमून यायचा आणि तरी माझ्या शेजारी बसून विचारायचा, 'बाबा, बोला ना काहीतरी.' त्या घरात मी गुदमरलो हे त्याला कसं सांगणार? ते तोंडानं सांगता आलं असतं तर मुका कशाला झालो असतो?

इथं ज्याला शुश्रूषा लागते त्यालाच ठेवतात. ज्याला बोलता येतं, चालता येतं आणि ज्याला घर आहे, त्याला घरी पाठवतात. डॉक्टर आज येऊन गेला. मी तोंड उघडलं नाही. तो पंधरा दिवसांनी परत येणार आहे, त्या मेंदूच्या तज्ज्ञाला घेऊन. तोवर तुझा शब्द आणि माझं मौन, यातलं एक टिकेल.

तू उठून सांग की तू ते मनानं रचलंस. माझ्यापाशी दुसरा मार्ग नाही.

विठोजीराव

---

इलेक्ट्रॉनिक सिटी,
६ नोव्हेंबर

अण्णा,

सलाम.

मला माफ करा हे लिहायलाही लाज वाटते. मी तुमचं भलं करायला निघाले होते आणि तुम्हाला विचारलंसुद्धा नाही.

पण तुम्ही सांगता ते मला करता येणार नाही. ऐकून तर घ्या. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान. तमिळ लोकांचं चर्च दुपारी रिकामं असतं, ते आम्हाला रविवारी चार वाजता मिळतं. ऐंशी-नव्वद माणसं, सगळी पुण्या-नगरकडची, नोकरीसाठी आलेली. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. त्या साक्षीनंतर आमचे पाळक वासुदेवसाहेब यांनी दर रविवारी उपासनेनंतर मला पुढं उभं करायला सुरुवात केली आहे. लोक रांगेनं येतात. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, कुणाला मूल होत नाही. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवते आणि माझे हात थरथरतात, तर त्यांना वाटतं आत्मा उतरला.

माझ्या पप्पांनी, म्हणजे अप्पासाहेब हिवाळे यांनी, नेवाशाकडच्या आमच्या मंडळीत, व्यासपीठावरून हे सांगितलं. पप्पांनी माझं नाव व्यासपीठावरून घेतलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईनं फोनवर सांगितलं की ते बोलता बोलता थांबले आणि त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांना मी काय सांगू?

आणि अण्णा, तुम्ही बोललात. हे खरं आहे. मी ते रचलं म्हटलं तर ते खोटं होईल. खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा मी सहा वर्षांची असताना पाठ केली आहे. आमच्यात एक वेळ उपवास मोडला तर चालतो, पण साक्ष मागं घेता येत नाही.

एक मात्र तुमच्यापुढे कबूल करते, आणखी कुणापुढे केलेलं नाही. 'स्वल्प हळू गं' हे तुमचे शब्द मला माइकवर सांगवेनात. समोर सगळे डोळे मिटून बसले होते, मुग्धा रडत होती. तिथं नखाचं आणि रक्ताचं काय सांगायचं? म्हणून मी 'प्रभू' म्हटलं. ते वाक्याला शोभलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण सकाळी सगळे येऊन मिठ्या मारायला लागले आणि मी ते विसरायचं ठरवलं.

मला यातून बाहेर पडायचा रस्ता दिसत नाही. तुम्हाला दिसला तर सांगा.

उल्का

---

आनेकल रस्ता,
९ नोव्हेंबर

उल्का,

तू आज माझी नखं कापलीस आणि एकदाही वर पाहिलं नाहीस. ते बरं केलंस. पण तुझ्या डोळ्यांतलं पाणी माझ्या हातावर पडलं, ते मुग्धानं पाहिलं आणि लगेच फोटो काढला. एव्हाना तो सगळीकडे गेला असेल.

रस्ता विचारतेस तर गाइडलाच विचारलंस. आमच्या धंद्यात खोटं बोलायचं नसतं. पकडलं जाण्याची भीती असते. मी राजवाड्याच्या एका खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचो, 'या खिडकीतून काय काय पाहिलं गेलं असेल.' लोक मान वर करून बघत राहायचे. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, मी कधीच सांगितलं नाही. ती खिडकी कोठीघराचीही असेल. मी अर्धं सांगायचो, उरलेलं अर्धं लोक आपापलं घालायचे.

तूही अर्धंच सांग. उठून एवढंच म्हण, 'आजोबांच्या तोंडून मी जो शब्द ऐकला म्हणून सांगितलं, तो त्यांनी उच्चारलाच नाही. मी तो मनचा घातला.' यात काही खोटं आहे? एक अक्षर नाही. पुढचं लोक समजतील ते समजतील. आज्ञा मोडली नाही आणि फणस वाचला.

तुझं काय होईल याचाही विचार केला. चार दिवस नावं ठेवतील. तू तरुण आहेस, दुसरं चर्च बघशील, दुसरी नोकरी बघशील. मला दुसरा फणस मिळायचा नाही. असं लिहितो म्हणजे मी स्वार्थी आहे, सरी, बरोबर, आहेच. तुमच्या देवाशी माझं काही भांडण नाही. त्यानं मला आजवर कधी गाणं म्हणायला लावलेलं नाही.

तज्ज्ञ येईपर्यंत वेळ आहे.

विठोजी

---

इलेक्ट्रॉनिक सिटी,
१८ नोव्हेंबर

अण्णा,

काल मी उठले, माइकपर्यंत गेले, आणि गाण्याचा नंबर सांगून परत येऊन बसले. एवढीच माझी हिंमत.

तुमच्याकडे तो तज्ज्ञ येऊन गेल्याचं कळलं. तुम्ही त्याच्यापुढेही तोंड उघडलं नाहीत आणि त्यानं सांगितलं की नुसतं तपासून नक्की सांगता येत नाही, बोललेत तर बोलू शकत असतील. रविकिरण सरांनी मला फोन केला होता. विचारत होते, 'तुम्ही नक्की ऐकलं ना? तुमच्यावर माझा विश्वास आहे. महिनाअखेर मी त्यांना घेऊन येतो.' मी हो म्हटलं. अण्णा, मी हो म्हटलं. नाही कसं म्हणतात तेच मी विसरले आहे.

पण कालचीच एक गोष्ट सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. रांगेत अंजली नावाची एक बाई होती, आमच्याच मंडळीतली. तिची मुलगी अनुषा पाच वर्षांची आहे आणि बोलत नाही. तिला ऐकू येतं, कळतं, पण शब्द नाहीत. दोन वर्षं ते तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेत होते आणि मागच्या वर्षी ती 'पाणी' म्हणायला लागली होती. अंजली मला म्हणाली, 'ताई, ते सगळं आम्ही बंद केलं. शंका ठेवून प्रार्थना कशी फळेल? आता तुम्हीच.' अनुषा माझ्या ओढणीचा गोंडा हातात घेऊन खेळत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून एक शब्द निघेना. सगळी मंडळी माझ्या मागं 'आमेन' म्हणाली.

आजवर मी तुमचा विचार करत होते, पप्पांचा करत होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझाच करत होते. आता झोपले की ती मुलगी दिसते. या रविवारी मी बोलणार. तुम्ही सांगितलंत तसंच, अर्धं.

उल्का

---

आनेकल रस्ता,
२३ नोव्हेंबर

चि. उल्का,

तुझं पत्र वाचून फणसाखाली बराच वेळ बसलो. मी तुला चार दिवस नावं ठेवतील असं लिहिलं होतं. ते मी पाहुण्यांना सांगायचो तसं सांगितलं, त्यांना पुढं चालतं करायला. चार दिवसांत भागणार नाही. लोकांना फसवलेलं चालतं, पण ज्याच्यापाशी रडलो तो खोटा निघालेला चालत नाही.

तेव्हा माझ्यासाठी बोलायचं असेल तर बोलू नकोस. मी चौदाव्या मजल्यावरही जगेन, माणूस कुठंही जगतो. त्या मुलीसाठी बोलायचं असेल तर उठ. तिला तिच्या बाईंकडे परत पाठव. ज्याला बोलायचंय त्याला बोलता यावं आणि ज्याला नाही त्याला गप्प बसता यावं. याहून जास्त माझं मागणं नाही.

जेवून जा. रिकाम्या पोटी पाय लटपटतात.

विठोजीअण्णा

---

इलेक्ट्रॉनिक सिटी,
२ डिसेंबर

प्रिय अण्णा,

सांगितलं.

पाळकसाहेबांनी रांगेसाठी बोलावलं तेव्हा मी माइक घेतला आणि म्हटलं, 'आजोबा प्रभू म्हणाले असं मी शिबिरात सांगितलं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी तो घातला. माझ्या हातात काही नाही. अनुषाला तिच्या बाईंकडे परत न्या.' इतकंच. खाली उतरताना माइकची वायर पायात आली आणि मी पडता पडता राहिले. कुणी हात दिला नाही.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं झालं नाही. वासुदेवसाहेबांनी लगेच शेवटची प्रार्थना केली आणि लोक खुर्च्या न आवरता गेले. अंजली माझ्याजवळ आली, माझ्याकडे बघितलं, आणि मुलीच्या हातातला माझ्या ओढणीचा गोंडा सोडवून तिला घेऊन गेली. सोमवारी तिला त्या बाईंकडे नेलं एवढं मात्र मला कळलं.

मंगळवारी कमिटी बसली. मी तरुण संघाची सचिव होते, त्या पदावरून गेले. आश्रमातल्या सेवेलाही मी यायचं नाही असं ठरलं, 'ज्या वृद्धाचा गैरवापर केला त्याच्यासमोर' जाऊ नये म्हणून. संघाच्या ग्रुपमधून मला काढलं. मुग्धा माझी आठ वर्षांपासूनची मैत्रीण; तिनं लिहिलं, 'मी तुझ्यासाठी त्या रात्री रडले होते.' रविकिरण सरांना मी स्वतःच कळवलं. ते फक्त 'ओके' म्हणाले.

पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. फोन आईकडे देतात. त्यांच्या मंडळीलाही सांगावं लागलं ना. पाळकानं आपल्याच लेकीसाठी व्यासपीठावरून क्षमा मागितली. तुमच्यासारखे तेही मुके झालेत, फक्त त्यांना फणस नाही.

बेंगळुरूत मला आठ वर्षांत एकच जागा होती जिथं मी कुणाची तरी कुणीतरी होते. आता रविवारी चार वाजता मी पीजीच्या खिडकीत उभी राहून फ्लायओव्हर बघते. पण तुमचा फणस वाचला. पुढच्या शनिवारी संघ तुमची माफी मागायला येणार आहे, मुग्धा पुढं असेल. ते काय म्हणतील ते म्हणू द्या. तुम्ही नेहमीसारखे बसा. आपलं अर्धं सांगून झालंय, उरलेलं कुणाला कळायची गरज नाही.

नखं आता कोण कापेल हे मात्र मला सुचलेलं नाही.

तुमची,
उल्का

---

सर्जापूर रोड, चौदावा मजला,
१५ डिसेंबर

चि. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

पत्ता वाचलास म्हणजे तुला कळलंच असेल. उशीर झाला, कारण इथं पत्र टाकायला खाली जायचं म्हणजे कार्ड लागतं. स्वयंपाकाच्या बाईनं नेते म्हटलंय.

त्या शनिवारी काय झालं ते मुग्धानं तुला सांगितलं असणार, पण तिच्या सांगण्यात 'हालेलुया' जास्त असेल. माझ्याकडून ऐक.

ते सगळे फणसाखाली आले. आजवर त्या झाडाखाली कुणी आलं नव्हतं. माझ्याभोवती गोल करून बसले, कृष्णाबाईंनाही खुर्चीसकट आणलं. मुग्धा माइक घेऊन म्हणाली की आमच्यातल्या एकीनं तुमचा वापर करून खोटी साक्ष दिली, आम्हाला क्षमा करा. एवढ्यावर थांबली असती तर मीही थांबलो असतो. मी तयारीनं बसलो होतो. पण मग त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना धरली. एकेकजण तुझं नाव घेऊन बोलू लागला. उल्काची खोटी जीभ, उल्काचा गर्व, लहानपणापासून तिला पुढं पुढं करायची सवय. शेवटी एक पोरगा म्हणाला की मुक्या म्हाताऱ्याच्या तोंडी देवाचं नाव घालणारी मुलगी आणखी काय काय करत असेल. आणि सगळे आमेन म्हणाले.

मी ज्या मुलीला अर्धं सांगायला शिकवलं, तिच्या सांगण्यात हे उरलेलं अर्धं आपापलं घालत होते. आमच्या धंद्यात एक नियम होता तो मी तुला सांगायचा विसरलो. ज्यात कुणाची अब्रू जाते ते अर्धं सोडायचं नाही.

मी माइक मागायला हात पुढं केला. तो मुग्धानं दिला, तिला वाटलं मला आशीर्वाद द्यायचाय. मी म्हणालो, "ती खोटं बोलली नाही. मी बोललो होतो. नख कापताना लागलं म्हणून बोललो. देवाचं नाव तेवढं मी घेतलं नव्हतं, ते तिनं घातलं आणि स्वतःच उठून कबूलही केलं. मला केव्हाचंच बोलता येतं. मला फक्त तुमच्याशी बोलायचं नव्हतं."

दीड वर्षानं तोंड उघडलं होतं, शब्द भराभर येईनात. 'मी बोललो होतो' इथपर्यंतच त्यांनी ऐकलं. पुढं टाळ्या, रडणं, आणि कुणीतरी गाणं सुरू केलं. मी शेवटपर्यंत बोलत राहिलो, पण माझं म्हणणं शेजारच्या कृष्णाबाईंखेरीज कुणी ऐकलं नाही. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "अण्णा, आता तुमचाही वाढदिवस करतील हो." आणि केला. केक बाहेर व्हॅनमध्येच होता.

सोमवारी रविकिरण आला. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. तो माझ्या पायाशी बसून रडला, मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसलो. मला त्याला जे सांगायचं होतं ते याही वेळी सांगितलं नाही. खोली चांगली आहे. रोज संध्याकाळी तो एकेका नातेवाइकाला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन माझ्यासमोर धरतो, 'बाबा, बोला.' मी बोलतो. उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा.

तुझ्याकडेही ते आता परत येतील. कदाचित आलेही असतील, हार घेऊन. आता साक्षीला साक्ष लागली म्हणतील आणि तुला पुन्हा रांगेसमोर उभं करतील. जायचं की नाही ते तू ठरव, मी रस्ता सांगणार नाही. माझ्या रस्त्यांनी कुठं नेलं ते दिसतंच आहे. मात्र तुझ्या पप्पांना फोन कर आणि आईला म्हण, फोन त्यांच्या कानाला लाव. ते बोलणार नाहीत. तूही बोलू नकोस. थोडा वेळ नुसती धरून बस. गप्प माणसाला एवढं पुरतं, मला माहीत आहे.

आणि जमलं तर एखाद्या शनिवारी इकडे ये. एकटी ये, केक आणू नकोस. खाली वॉचमनला माझं नाव सांग, तो वर फोन करेल, मग लिफ्ट सोडतील. गच्चीत एका कुंडीत मी फणसाची आठळी लावली आहे. ती चौदाव्या मजल्यावर झाड होणार नाही हे मलाही कळतं.

नखं कापायचा डबा आण. डाव्या हाताची फार वाढलीत, ती मला कापता येत नाहीत आणि रविकिरणला सांगायला नको वाटतं. स्वल्प जपून काप. लागलं तर मी बोलेन, पण कुणाला सांगू नकोस.

तुझा,
विठोजीअण्णा